हातचे दोन

मावशीची वही मी संगणकात उतरवली
तेव्हा जानेवारी होता, आणि रात्र संपत नव्हती.
अकरा वर्षं. पेन्सिलीची अक्षरं, कुठे कुठे पाण्याने फुगलेली:
तारीख, आणलेली फुलं, उरलेली फुलं,
कोपऱ्यात थंडी किती, आणि आज कुणाच्या नावाचा दिवस.
आमच्या रीगात प्रत्येक नावाला वर्षातला एक दिवस मिळतो.
आन्नांच्या दिवशी बादल्या दुपारीच रिकाम्या होतात,
स्काइद्रितेंच्या दिवशी फारसं कुणी फिरकत नाही.
मावशीचं नाव स्काइद्रिते.

मी बंदरावर कंटेनर मोजतो.
मला वाटलं, फुलं त्याहून हलकी.

रविवारी तिच्या स्वयंपाकघरात, बिटाच्या सारासमोर, गणित मांडलं.
एक ट्युलिप चाळीस सेंटला पडतं, युरोला जातं.
उरलं तर चाळीस बुडाले.
कमी पडलं तर साठ, जे आलेच नाहीत.
"न आलेले पैसे बुडतात कसे रे, गुंदार्स?"
म्हटलं, सुकलेलं फूल तुला सकाळी बादलीत दिसतं,
परत गेलेलं गिऱ्हाईक तुझ्या वहीत कुठे आहे?
यावर ती जरा थांबली.
साठाला शंभराने भागायचं. म्हणजे माल इतका मागवायचा
की दहातले सहा दिवस थोडंफार उरेल
आणि चार दिवस तोकडं पडेल.
"म्हणजे सहा दिवस मी वेडी, चार दिवस भिकारी."
वर्षाअखेर शहाणी, मी म्हणालो.
तिने आणखी सार वाढलं, मी नको म्हणत असताना.

पण पाळला तिने माझा आकडा.
हॉलंडच्या ट्रकवाल्याला ऐंशीच्या जागी एकशे दहा सांगू लागली,
प्रत्येक वेळी माझ्याकडे रागाने बघत.
मार्चमध्ये काचेच्या पेटीतल्या मेणबत्त्या गेल्या,
फुलं गोठू नयेत म्हणून छोटा हीटर आला.
त्याचं श्रेय तिने ट्रकवाल्याला दिलं.

मग मला कार्नेशनचा रकाना खुपला.
उरले: दोन. दोन. दोन. दोन. शून्य. दोन.
उणे सतरात दोन, आन्नांच्या गर्दीत दोन,
इतकं सरळ काही निसर्गात नसतं.
म्हटलं, वर्षाला दोनशे दहा युरोंची गळती आहे ही, बंद कर.

मावशी देठ कापत होती. कात्री थांबली नाही.
"जिवंत माणसाला आपण किती फुलं देतो?"
एक, तीन, पाच. विषम. हे इथलं पोरसुद्धा सांगेल.
"आणि सम?"
मी गप्प.
"गर्दीत दोन फुलं मागायला माणसाचा आवाज फुटत नाही.
ती माणसं शेवटी येतात. मी ताडपत्री ओढताना.
त्यांना संपली म्हणायचं?
तुझ्या साठाच्या जागी ते किती लिहायचं, तू सांग."

त्या रात्री मी साठ खोडून पाचशे लिहिलं. मग हजार.
मग कितीही लिहिलं तरी उत्तर एकाच जागी येऊन बसलं:
दोन ठेव.
सूत्र तेच होतं. किंमत मी भलतीच सांगितली होती.

रकान्याचं 'उरले' मी पुसलं, 'हातचे' लिहिलं,
शाळेत बेरीज करताना डोक्यावर लिहायचो तसे,
जे दिसतात बाजूला, पण पुढच्या घरात मिळवायचे असतात.

शून्यं मोजली. अकरा वर्षांत दोनशे सहा.
एक तारीख ओळखीची निघाली.
त्या संध्याकाळी मी बंदरावरून धावत आलो होतो,
बाबांसाठी,
आणि ताडपत्रीच्या खालून कुणीतरी काही न विचारता
कागदात गुंडाळून हातात दिलं होतं.
त्या ओळीत रक्कम नाही.
मी ती जागा तशीच रिकामी ठेवली. संगणक चूक दाखवत राहतो.

सकाळी फोन आला.
"ऊन पडणार म्हणतात. ट्युलिप किती सांगू?"
एकशे तीस, मी म्हणालो.
"एकशे वीस," ती म्हणाली, आणि ठेवला.